माळीमामा, त्या दिवशी लॉनचा तो तुकडा उचलून आईच्या खुर्चीपाशी आणलात ना, त्यासाठी

मामा, तुमचा मुलगा हे तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून लिहितीये. काल आई लॉनवर अनवाणी चालली. काठी घेऊन, माझा हात धरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तुम्हाला लगेच फोन लावला पण तुम्ही "हॅलो" म्हटल्यावर मला बोलताच येईना, सॉरी, म्हणून इथे लिहितीये.

धायरीतलं आमचं छोटं रो हाऊस, मागे जेमतेम दोनशे स्क्वेअर फूट जागा. एप्रिलच्या उन्हात आधीच्या माणसाने एका दुपारीत नर्सरीतून मातीसकट कापून आणलेल्या गवताचं हिरवंगार कार्पेट अंथरून दिलं, पैसे घेतले, "रोज पाणी मारा" म्हणाला आणि गेला. दहा दिवसांत कडा पिवळ्या, पंधरा दिवसांत सगळं वाळलं. फोन केले तर म्हणे पाणी कमी पडलं, तुमचीच चूक. आता पाणी घालायचं काम आईचं होतं. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, मगाने घालत बसायची, आणि तरी महिनाभर म्हणत राहिली की माझ्यामुळेच मेलं गं ते. त्या माणसाने पैसे घेतले त्याचं मला काही नाही, पण आईला हे असं वाटायला लावलं ते मी विसरणार नाही.

मग तुम्ही आलात. चपला कडेला काढल्यात, उकिडवे बसलात आणि कोपऱ्यातला एक तुकडा उचललात, तो चादरीसारखा अलगद निघाला. आईला बोलावलंत, तिला वाकता येत नाही म्हटल्यावर परात धरावी तसा तो दोन्ही हातांवर घेऊन तिच्या खुर्चीपाशी आलात. "आई, हात लावून बघा." खालची मुळं नर्सरीत कापली होती तेवढीच, तपकिरी, एकही नवीन फुटलेलं नाही. आणि जिथून तुकडा उचललात तिथे दोन बोटं लाल माती, त्याखाली नुसता बिल्डरचा राडारोडा. "मुळांना खाली जायला जागाच नाय ठेवली, पाणी किती बी घाला. तुमचं काय बी चुकलं नाय." आई काही बोलली नाही, बराच वेळ त्या मुळांवरून बोट फिरवत बसली, पण त्या रात्री जेवली नीट.

पुढचं सगळं काय लिहू, राडारोडा उपसलात, पोयटा, वाळू, शेणखत, पावसाची वाट बघायला लावलीत, उरुळी कांचनहून कार्पेट आणलंत ते त्याच दिवशी अंथरलंत कारण गुंडाळून ठेवलं की आतून तापतं म्हणालात, फळी टाकून दाबून घेतलंत की खाली हवा राहायला नको, आणि मी हौसेने आणलेली युरियाची पिशवी परत पाठवलीत, कोवळी मुळं जळतील म्हणून. पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी आईला फोन, पाणी दिलं का, संध्याकाळी नको, रात्रभर ओलं राहिलं की बुरशी धरते. या फोनचे पैसे कुणी देत नव्हतं. पुण्यात कामं करणारे खूप आहेत हो मामा, पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या मनाला काय लागलंय हे बघून आधी ते दूर करणारे किती असतील? हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, तुमच्या घरी कुणीतरी तुम्हाला असं वागवलं असणार.

सोळाव्या दिवशी तुम्ही मला कोपरा ओढायला लावलात. हललासुद्धा नाही. आई खुर्चीतून ओरडली, "अगं जोरात ओढू नकोस, लागलंय ते!"

आता पहिली कटिंग तुमच्याच हातून व्हायची असं तिचं ठरलंय. वरचा तिसरा हिस्साच कापायचा हे तुम्ही सांगितलेलं पाठ आहे तिला. किती वाढल्यावर ते तुम्ही बोटाने दाखवलं होतंत ना, तेवढी खूण तिने काठीवर पेनने करून ठेवलीये, रोज सकाळी काठी गवतात टेकवून बघते. अर्धं बोट राहिलंय. चार दिवस उघडीप मिळाली की या, चहा टाकते.