डाएटचा कागद आमच्या ताटाचा हवा

मा. संपादक,

मधुमेहावर तुमच्या पेपरात बरंच छापून येतं, पण घरात रोज ताट वाढणाऱ्या बाईला जे पाहिजे ते त्यात मिळत नाही म्हणून लिहितेय. आमच्या मिस्टरांना शुगर निघून सहा वर्षं झाली, गेल्या वर्षापासून इन्सुलिन चालू आहे. तेव्हा एका दवाखान्यात डाएटचा छापील कागद हातात दिला. सकाळी मेथी पराठा, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर डाळ, रात्री ज्वारीची भाकरी. आमच्या गोव्यात सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, दुपारी शीत म्हणजे भात आणि हुमण म्हणजे मासळीची आमटी, रात्री परत शीत. त्या कागदात उंडो (आमचा गोल पाव) नाही, पेज नाही, मासळीचं तर नावसुद्धा नाही.

मग यांनी काय केलं, रात्रीचा भातच बंद केला. इन्सुलिन मात्र तेवढंच घेतलं, आणि जेवणात नुसते हुमणातले बांगडे आणि थोडी भाजी. मासळीत कार्ब्स (जेवणातला शुगर वाढवणारा पिठाळ-गोड भाग) जवळजवळ नसतातच आणि डोस ठरवलेला भात धरून, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री साडेअकराला दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय, मशीनवर शुगर बघते तर ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, ७८ आली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, भात बंद करायचा नव्हता, मोजायचा होता, आणि कमी करायचा तर आधी मला विचारायचं कारण डोसही बदलावा लागतो.

तेव्हापासून किचनमध्ये एक छोटा वजनकाटा आणि एक वही आहे. पहिल्या दिवशी यांचा नेहमीचा दोन दवले (वाढायचे डाव) भात काट्यावर ठेवला, ३१० ग्रॅम भरला! शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स धरतात, म्हणजे एका जेवणात नुसत्या भाताचेच ८५ च्या वर, आणि हे म्हणायचे मी कुठे जास्त जेवतो. उकडे तांदूळ शुगरला चालतात असं सगळेच म्हणतात, त्याने शुगर जरा सावकाश चढते हे खरं, पण ग्रॅम काही फारसे कमी होत नाहीत. आता डॉक्टरांना विचारून १५० ग्रॅम भात, सोबत तांबडी भाजी आणि अळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक म्हणजे रस्सा, त्यातल्या अळसांद्यांचे कार्ब्स पण धरायचे. आमच्या पोदेराचा उंडो ५५ ग्रॅम भरतो म्हणजे वजनाच्या साधारण निम्मे कार्ब्स, पण बहिणीच्या वाड्यावरचा ७० चा निघाला, तेव्हा 'एक पाव' या मापाला काही अर्थच नाही. खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) भाजी म्हणून वाट्यावर वाट्या खाल्लं जातं, पण त्यात कणगां, माडी, नीरफणस, मक्याचं कणीस, सगळं पिठाळच की. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी शुगर बघून त्याच ओळीत लिहिते. पेज हलकी म्हणून हे दोन वाडगे घ्यायचे, त्या दिवशीचा आकडा भाताच्या दिवसापेक्षा वर गेलेला, हे वही नसती तर कळलंच नसतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी सर्व्हेत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आलं, देशात सगळ्यात जास्त, देशाचं ११.४. चौघा मोठ्या माणसांतला एक, आणि तरी आम्हाला कागद मिळतो तो दुसऱ्यांच्या जेवणाचा. आरोग्य केंद्रांतून गोव्याच्या जेवणाचा तक्ता मराठीत आणि कोंकणीत मिळायला हवा, दवल्याच्या मापाने, पावाच्या वजनाने. तोपर्यंत तुम्ही तरी रविवारच्या पुरवणीत एखाद्या डायटिशियनकडून तसा करून घ्या. एका नेवरीत (करंजीत) किती कार्ब्स, एका पातोळीत किती, मणगण्याच्या (चणाडाळीच्या खिरीच्या) वाटीत किती, मानकुरादच्या एका आंब्यात किती. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरोघर 'एकच खा रे, काही होत नाही' म्हणतात तेव्हा माणसाला निदान आकडा तरी ठाऊक हवा, म्हणजे एक नेवरी खाऊन तेवढा भात कमी घेता येतो.

चवथीच्या आधी छापलात तर फार बरं होईल. माझी वही द्यायला मी तयार आहे, वजनं सगळी घरच्या काट्यावर घेतलेली आहेत, फक्त जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.

आपली एक वाचक,
फोंडा