एफ १.४ ची लेन्स घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या तोंडावर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी ८५ मिमी एफ १.४ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड जास्त उघडे) घ्यायची घाई कोल्हापुरातल्या बऱ्याच स्टुडिओवाल्यांना होते. दुकानात काउंटरवरच्या माणसाचा एक फोटो निघतो, मागचे सगळे लोण्यासारखे वितळलेले दिसते आणि बिल होते. कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर कुठलीही लेन्स चांगलीच दिसते.

फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ १.४ ला काढलेल्या चेहऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. नवरीने मान जरा वळवली की पलीकडचा डोळा गेला. डोळ्यावर फोकस धरला तर पुढे आलेल्या नथीचे मोती धूसर होतात, आणि घरच्यांना तर नथ आणि साज दोन्ही लख्ख हवे असतात. एफ २.८ ला हा पट्टा पाच सेंटीमीटरपर्यंत जातो. जोडप्याचा फोटो तीन मीटरवरून घेतला तरी एफ १.४ ला दहाच सेंटीमीटर मिळतात; नवरदेव अर्धे पाऊल मागे उभा असेल तर एफ ४ शिवाय गत्यंतर नाही. मग एफ १.८ ची हलकी, स्वस्त लेन्स काय वाईट? दोघींत पाऊण स्टॉपचाही फरक नाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). अंधाऱ्या कार्यालयात एकीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० लागेल तिथे दुसरीला ५०००, एवढेच.

तरीही मोठीच घ्यायची असेल तर आपली बॉडी (लेन्सविना कॅमेरा) आणि आपले कार्ड घेऊन जावे. याच दैनिकाचे एक पान दुकानाच्या भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा ट्रायपॉडवर पानाला समांतर ठेवावा, स्टॅबिलायझेशन (हादरा सावरणारी सोय) बंद करावे आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. एकच मथळा आळीपाळीने फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून, आधी एफ १.४ ला आणि मग एफ ४ ला रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलीत) फोटो घ्यावेत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा एफ ४ लाही सुधारत नसेल तर आतली काच केंद्रातून सरकली आहे. तो नग घेऊ नये, दुसरा मागावा. फोकस एकदाच मधोमध धरून कोपरे तपासले तर निष्कर्ष चुकतो, कारण बहुतेक लेन्सचे फोकसचे प्रतल थोडे वाकलेले असते.

नंतर हुपरीचा एखादा चांदीचा दागिना उजेडात तिरका धरून पूर्ण उघड्या ॲपर्चरला (म्हणजे एफ १.४ ला) फोटो काढावा. फोकसच्या पुढच्या कडांना जांभळी आणि मागच्या कडांना हिरवी झाक दिसते. जरीकाठावरही हेच होते आणि ते एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही. एफ २.८ ला झाक किती उरते ते पाहावे.

भर दुपारी भवानी मंडपात आयएसओ १०० आणि एफ १.४ ला शटर १/१२८०० सेकंदाच्या आसपास जाते. बऱ्याच बॉडींचे यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० ला थांबते, म्हणून तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लेन्सच्या खर्चातच धरावा. शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवून एवढा वेग वापरला तर धूसर पार्श्वभूमीतले उजेडाचे गोल एका बाजूने कापलेले येतात. दोष लेन्सवर जातो, असते मात्र सेटिंग. उन्हात पूर्ण यांत्रिक शटर निवडावे. कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने पट्टे उमटतात. तिथे यांत्रिक शटर १/१०० वर ठेवले की बहुतेक वेळा निभते.

मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने जुन्या, आरसा असलेल्या डीएसएलआरसारखे लेन्सगणिक जुळवून घ्यावे लागत नाही, हे खरे. पण डोळा ओळखणारा फोकस मुंडावळ्यांच्या सरांवर किंवा उडालेल्या अक्षतांवर सहज भुलतो. सलग फोकसमध्ये 'विषय धरून ठेवण्याची' सेटिंग वाढवावी आणि मंगलाष्टके संपताना एफ २.८ च्या खाली उतरू नये.

विक्रेत्यांना विनंती आहे की या तपासणीसाठी गिऱ्हाइकाला अर्धा तास द्यावा आणि रॉ फाइली त्याच्या कार्डावर नेऊ द्याव्यात. गिऱ्हाइकानेही तपासलेल्या नगाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, नाहीतर हातात त्याच मॉडेलचा दुसराच डबा पडतो.

आपले,
काही व्यावसायिक छायाचित्रकार, कोल्हापूर