'रँट' या शब्दाची कुळकथा

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. संतापाच्या भरात कोणी लांबलचक बोलू लागले की त्याला हल्ली सरसकट 'रँट' म्हणतात. तो शब्द मुळात कुठला आणि अनुवादात त्याला काय म्हणावे, असे तू विचारले आहेस.

इंग्रजीत तो 1600 च्या आसपास डच भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ मूर्खासारखे बरळणे असा होता. इंग्रजीत त्याला धांगडधिंग्याची, मौजमजेचीही छटा होती. स्कॉटलंडमध्ये तर 'रँट' म्हणजे नाचाची जोमदार धून. आपल्या थयथयाटातही नाचाचेच बोल दडलेले आहेत, हे या निमित्ताने ध्यानात येऊन मला मौज वाटली.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या पाचव्या अंकात हॅम्लेटच्या प्रेयसीचा, ऑफेलियाचा, भाऊ तिच्या कबरीत उडी घेऊन आकांत मांडतो, तेव्हा हॅम्लेट त्याला बजावतो की, तू तोंड सोडणार असशील तर मीही तुझ्याइतकाच 'रँट' करू शकतो. भावनेच्या चिंध्या करू नका, असे तिसऱ्या अंकात नटांना बजावणारा हा गृहस्थ!

पण हा शब्द खरा गाजला तो रँटर्समुळे. 1649 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यानंतरच्या धामधुमीत, ईश्वर प्रत्येक जीवात आहे आणि ज्याला हे उमगले त्याला पाप लागत नाही, असे म्हणणाऱ्या काही मंडळींना विरोधकांनी हे नाव चिकटवले. त्यांच्यापैकी अबिएझर कॉप लंडनच्या भर रस्त्यात बड्या लोकांच्या गाड्यांवर चालून जाई आणि हात पुढे करून, टोपी वर सारून, दातओठ खात, देवाचा दिवस आल्याचे गर्जून सांगे. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पार्लमेंटने 1650 च्या फेब्रुवारीत त्याचे पुस्तक जाळायला लावले, ऑगस्टमध्ये ईश्वरनिंदेविरुद्ध कायदा केला, आणि कॉपला न्यूगेटच्या तुरुंगाची हवा खावी लागली. रँटर्स नावाचा पंथ असा नव्हताच, तो विरोधकांनी उभा केलेला बागुलबुवा होता, असे जे. सी. डेव्हिस या इतिहासकाराने 1986 मध्ये मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. पंथ असो वा नसो, श्रीमंतांनी आपले धन गोरगरिबांत वाटावे, हे कॉपचे म्हणणे मला तरी बरळणे वाटत नाही. ऐकणाऱ्यांना ते झोंबले, म्हणून ते 'रँट' ठरले. पुढे एकोणिसाव्या शतकात, उघड्यावर सभा भरवून मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनाही लोकांनी हेच टोपणनाव दिले.

तेव्हा दुसऱ्याने हिणवून म्हटले असेल तिथे तू खुशाल 'थयथयाट' लिही. बोलणाराच आपल्या बोलण्याला हे नाव देत असेल, जसे आजकाल पुष्कळदा घडते, तर मात्र 'मनातली भडास' अधिक शोभेल. कॉपविषयीचा मजकूर आला, तर मला आधी दाखव.

तुझा,
माधव