अम्रीच्या कारकिर्दीला सहाच वचने

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला प्राचीन हिब्रू राजांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयाकडे सहसा कोणी वळत नाही, म्हणून आधी आभार मानतो. पण पाऊण लेख दावीद आणि शलमोनात खर्ची पडला आणि पुढची जवळजवळ साडेतीनशे वर्षे ‘नंतर राज्य दुबळे झाले’ एवढ्यात गुंडाळली, हे खटकले. शिवाय अहाबला ‘यहूदाचा राजा’ म्हटले आहे. तो इस्राएलचा. इ.स.पू. ९३०च्या सुमारास, कराचे जू हलके करा म्हणायला आलेल्या लोकांना शलमोनाच्या मुलाने, रहबामने, ‘बापाने चाबकाने मारले, मी विंचवांनी मारीन’ असे ऐकवले आणि उत्तरेकडचे दहा वंश फुटून निघाले. तेव्हापासून उत्तरेत इस्राएल आणि दक्षिणेत यहूदा अशी दोन राज्ये झाली. ती अनेकदा एकमेकांशीच लढली.

मला लिहायचे आहे ते मात्र इस्राएलचा राजा अम्री याच्याविषयी, कारण लेखात त्याचे नावच नाही. बायबलातल्या ‘राजे’ या पुस्तकातही त्याच्या कारकिर्दीला जेमतेम सहा वचने मिळाली आहेत. हा मुळात सेनापती. जिम्री नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने राजाला मारून गादी बळकावली. अम्रीने तिरसा शहराला वेढा घातला तेव्हा जिम्रीने राजवाडा पेटवून त्यातच जीव दिला. त्याचे राज्य सात दिवसांचे! पुढे अम्रीने दोन किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी मोजून एक टेकडी विकत घेतली आणि तिथे शोमरोन ही राजधानी वसवली. ग्रंथकाराला यात रस नाही. राजा देवाशी एकनिष्ठ होता की नाही, या एकाच मापाने तो सगळ्यांना मोजतो आणि अम्री त्यात नापास होतो.

शेजाऱ्यांचे माप वेगळे होते. अम्रीचे घराणे बुडाल्यावरही अश्शूर या आजच्या इराकमधल्या साम्राज्याचे लेखनिक त्या देशाला ‘बीत हुम्री’, म्हणजे अम्रीचे घर, म्हणत राहिले. अम्रीचा मुलगा अहाब. इ.स.पू. ८५३मध्ये ओरोंतेस नदीकाठी करकर येथे अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसरला अडवायला जे राजे एकत्र आले, त्यांत अहाबचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होते, असे शल्मनेसरचाच शिलालेख सांगतो. रथांचा आकडा फुगवलेला असावा असे काही अभ्यासकांना वाटते. तरीही शत्रूने ज्याचा आकडा फुगवावा, तो राजा किरकोळ नसणार. बायबलात या लढाईचा उल्लेखच नाही. तिथला अहाब म्हणजे नाबोथाचा द्राक्षमळा हडपणारा, राणी ईजबेलच्या मुठीतला राजा, आणि त्याला तोंडावर सुनावणारा संदेष्टा एलीया. हाच एलीया आमच्या रायगडातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, एलियाहू हन्नाबी. मलिदा या नैवेद्याच्या विधीच्या वेळी त्याचीच आठवण काढतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूणही दाखवतात. अहाबचे नाव मात्र इथे कुणाच्या तोंडी नाही.

मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मवाब राज्याच्या मेशा राजाचे प्रकरण तर मुळातून वाचण्यासारखे आहे. ‘राजे’मध्ये तो मेंढपाळ राजा, एक लाख कोकरे आणि एक लाख एडक्यांची लोकर खंडणी म्हणून द्यायचा. अहाब मेल्यावर त्याने बंड केले. इस्राएल, यहूदा आणि शेजारचे अदोम अशा तीन राज्यांनी त्याला कोंडीत धरले, तेव्हा त्याने आपल्या थोरल्या मुलाचा तटावर होम केला आणि वेढा उठला. का उठला, ते धड सांगितलेले नाही. १८६८मध्ये मेशाचा स्वतःचा शिलालेख धीबान येथे सापडला, आज तो लूव्र संग्रहालयात आहे. त्यात तो म्हणतो की अम्रीने मवाबला पुष्कळ वर्षे पिळले, कारण कमोश देव आपल्या देशावर कोपला होता. मग कमोश प्रसन्न झाला आणि आपण जिंकलो. देवाचे नाव बदलले तर ही भाषा ‘राजे’च्या लेखकाचीच वाटावी.

बंड करून इस्राएलचा राजा झालेल्या येहू या सेनापतीची गोष्ट याहून मजेदार. त्याने अम्रीच्या घराण्याची पोरेबाळेसुद्धा कापून काढली. पण शल्मनेसरच्या काळ्या स्तंभावर खंडणी घेऊन आलेल्या या येहूला काय म्हटले आहे? ‘अम्रीपुत्र’!

बायबल आणि अश्शूरच्या नोंदी या दोन्ही बाजू जिथे जुळतात, तिथेही गंमत आहे. इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या नोंदीत ४६ तटबंदीची शहरे घेतल्याची आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला त्याच्या राजधानीत, यरुशलेमात, पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याची फुशारकी आहे, पण यरुशलेम घेतल्याचे चकार शब्दाने म्हटलेले नाही. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कारच. चांदी मात्र बायबलात ३०० आणि सन्हेरीबाकडे ८००. बखर आणि दफ्तर शेजारी ठेवून वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. म्हणून लेखकाने एकाच ग्रंथावर विसंबायला नको होते.

जाता जाता एक दुरुस्ती: लेखासोबतच्या नकाशात शोमरोन यरुशलेमच्या दक्षिणेला छापले आहे. ते उत्तरेला हवे. लेखमाला पुढे चालणार असेल, तर निदान नकाशा तरी बदलावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, अलिबाग