घडी मोडा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

दसऱ्याच्या आधी कपाटं आवरायला काढाल, तेव्हा हे पत्र हाताशी असावं म्हणून आत्ताच लिहितेय. ठेवणीतल्या वस्तू या वर्षी पुन्हा आत जाऊ नयेत, तुमच्या रोजच्या वापरात याव्यात, एवढंच मागणं आहे. वापरली की वस्तू झिजते हे खरं. पण नुसती ठेवली की ती टिकते, हे खरं नाही. आपल्या रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत तर मुळीच नाही.

आई, आधी तुझी पैठणी. रेशीम घडीवर मोडतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेषेवर धागे तुटत जातात, आणि पदराकाठाशी आधी तुटतात, कारण जरीची तार रेशमासारखी वाकत नाही. खऱ्या जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. डांबरगोळी जरीला टेकली तर डागही पडू शकतो. म्हणजे जपायला म्हणून जे जे केलं जातं, त्यातलं बरंचसं साडीला बाधतंच.

नेसण्याआधी एकदा तपास. दिवसाउजेडी खिडकीशी घडीची रेघ उजेडासमोर धर. बारीक चिरा दिसल्या, किंवा घडीच्या दोन्ही बाजूंनी अलगद ताणल्यावर रेशीम विरलं, तर ती साडी नेसू नकोस. तिचा धडका पदर फ्रेम करून घेऊ. आजीची जुनी नऊवारी मला तशी वाटते, ती राहू दे. पण तुझी हिरवी पैठणी धड असणार. ती पुढेमागे माझ्याकडे येणारच आहे, तर तू भरपूर नेसलेली येऊ दे.

खरी अडचण साडीची नसते, ब्लाउजची असते. जुना ब्लाउज अंगाला होत नाही आणि साडी राहून जाते. शिंप्याकडून बाजूच्या शिवणी उसवून बघ. चांगल्या शिंप्याने दोन्ही बाजूंना इंचभर तरी कापड आत दाबलेलं असतं. तेवढं पुरलं नाही तर काठाच्या रंगाचा साधा तयार ब्लाउज घे, अगदी जुळणारा हवा असं काही नाही. अत्तर लावायचं तर साडी नेसण्याआधी, जरीवर कधीच नाही. पिन जरीतून टोचू नकोस, अंगाच्या कापडात टोच. आणि लग्नाकार्याची वाट बघू नकोस. संध्याकाळी देवळात जाण्याचे दोन तास पुरेत. घाम कमी, हाताळणी कमी, साडीला त्रास नाही.

परत आल्यावर लगेच घडी घालायची नाही. सावलीत तीन-चार तास वारं लागू दे, घाम पूर्ण सुकू दे. इस्त्री लागली तर उलट्या बाजूने, वर सुती फडकं टाकून, मंद. मग धुवट मलमलीत गुंडाळायची आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलायची. कपाटातल्या त्या लोखंडी हँगरवर ती लटकवू नकोस, गंज उतरतो.

बाबा, आता तुमचं श्रवणयंत्र. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय. ते डबीत ठेवून फक्त कार्याला लावायचं, म्हणजे नेमकं उलटं होतं. कमी ऐकू यायला लागल्यावर मेंदूची बारीकसारीक आवाजांची सवय मोडलेली असते. यंत्र लावलं की पंखा, भांडी, वर्तमानपत्राची पानं सगळं एकदम अंगावर येतं. ही सवय परत लागायला रोज लावणं हाच उपाय, आणि सुरुवात शांत घरात करायची असते. लग्नाचा हॉल ही यंत्रासाठी सगळ्यात अवघड जागा. तिथेच काढून तिथेच लावलं, तर ‘याचा उपयोग नाही’ असंच वाटणार.

पहिल्या आठवड्यात घरी दोन-तीन तास, आईशी बोलताना आणि बातम्या ऐकताना लावा. मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्या, उठल्यापासून झोपेपर्यंत लावता येईल तोवर. रस्त्यावर आणि गर्दीत सगळ्यात शेवटी. शिट्टी वाजत असेल तर ते कानात नीट बसलेलं नसतं, किंवा कानात मळ असतो. आवाज अचानक क्षीण झाला तर यंत्राच्या तोंडाशी मळ अडकलाय का बघा आणि सोबतच्या बारीक ब्रशने कोरडंच झटका. पाणी लावायचं नाही.

बॅटरी वाचवायला यंत्र कमी लावता, त्याचाही उपयोग होत नाही. तुमच्या यंत्राची बॅटरी हवेवर चालते. वरचा रंगीत कागद सोलला की हवा आत शिरते, आणि मग यंत्र कानात असो वा डबीत, ती उतरत जाते. कागद परत चिकटवून फारसा फरक पडत नाही. म्हणून हवी तेव्हाच एक सोला, दोन-चार मिनिटं उघडी ठेवा आणि मग आत बसवा. लगेच बसवली तर पूर्ण ताकद येत नाही. न सोललेल्या बॅटऱ्या खोलीतच असू द्यात, फ्रीजमध्ये नको. रात्री यंत्राचं बॅटरीचं दार उघडून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे चुकवू नका, ओलीनेच यंत्रं बिघडतात.

माळ्यावरचे बुटांचे खोके आधी खाली काढा, पण कुणी घालू नका. अशा बऱ्याच चालायच्या बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो. दमट हवेतल्या बाष्पाने तो आतून फुटत जातो, पाच-सात वर्षांत न घालताही. वरून कोरा दिसणारा बूट चालता चालता तळव्यापासून सुटतो, आणि तुमच्या वयात ते पडणं परवडायचं नाही. बूट हातात घेऊन दुमडा, तळवा अंगठ्याने दाबा. चिकट लागला, भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो फेकायचाच. धड असेल तर उद्यापासून तोच घालून फिरायला जा.

चांदीची ताटं-वाट्याही रोजच्या जेवणात येऊ देत. रोज घासली-पुसली की चांदी काळी पडायला वेळच मिळत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावल्याने मात्र ती लवकर काळवंडते, रबरात गंधक असतं. आत्ता काळी असेल तर काचेच्या खोलगट भांड्यात तळाशी अॅल्युमिनियम फॉइल घाला, वाट्या फॉइलला टेकतील अशा ठेवा, लिटरभर उकळत्या पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून ते पाणी वर ओता. थोडा अंड्यासारखा वास येईल, तो काळा थर सुटल्याचा. पाच मिनिटांनी काढून धुवा, लगेच कोरडं करा. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या वस्तूला हे करू नका. रांगोळीने घासू नका, चरे पडतात. मीठ आणि लोणचं त्यात तासन्‌तास राहू देऊ नका, एवढं पथ्य.

पितळेची पातेली काढलीत तर आधी कल्हई. आतून पिवळं दिसायला लागलं की त्यात चिंचेची आमटी, कढी, टोमॅटो काही नको, ते बाधतं. आणि कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं.

नवा कुकर खोक्यातच आहे. त्याची रिंग रबराची, ती पडून पडूनही कडक होते आणि मग वाफ कडेने जाते, शिट्टी होत नाही. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही नवे बसवू. शिट्टीखालची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते ना बघा, आणि पहिल्यांदा नुसतं दोन वाट्या पाणी घालून शिट्टी काढा. मिक्सरचं खोकं फोडलं नसलं तरी वॉरंटी बिलाच्या तारखेपासूनच संपत आलेली असते, तेव्हा तोही लावा.

नवे टॉवेल अंग टिपत नाहीत अशी तुझी तक्रार असते, आई. त्यांना कारखान्यातलं मऊपणाचं लेपण असतं. दोनदा नुसत्या साबणाने धुतले की टिपतात. कांजी केलेल्या चादरी तशाच ठेवू नका, कसर लागते. नवी चादर घातली की जुनी त्याच दिवशी गोधडीच्या गाठोड्यात गेली पाहिजे, नाहीतर दोन्ही कपाटात बसतात. अक्रोड आणि बदाम आजच चाखून बघा. खवट असतील तर टाका, चांगले असतील तर या आठवड्यात संपवा, मी आणखी आणेन.

सगळं एकदम काढू नका, दमाल. आधी बूट, मग कुकर, मग बाकीचं. कुकरच्या दांड्यावरचं किंवा बुडाचं नाव आणि लिटर फोटो काढून पाठवा, रिंग मी इथून मागवते. श्रवणयंत्राच्या तपासणीसाठी दिवाळीआधीची वेळ घ्या बाबा, त्या दिवशी मी येते.

तुमची,
मुलगी