शस्त्रक्रियागृहातला उजेड मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांतील उजेडाची मोजणी, दुरुस्ती आणि वीज गेल्यावरची सोय.

मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळे गेली आणि राज्यभर फायर ऑडिटची धावपळ सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळून रुग्ण दगावले. मग ऑक्सिजनची यंत्रणा तपासायला सगळे बाहेर पडले. दोन्ही तपासण्या गरजेच्याच होत्या, पण दोन्ही वेळा आधी माणसे गेली. ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या, उजेडाच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा व्हावा, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तसे पाहिले तर इशारा मिळून गेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि मोबाइलच्या टॉर्चवर सिझेरियन केले गेले, असा आरोप एका कुटुंबाने केला. त्या बाईचा आणि बाळाचा, दोघांचाही मृत्यू झाला. ते प्रसूतिगृह आपल्या खात्याचे नव्हते हे मला माहीत आहे. पण ती बातमी वाचून तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या आमच्यातल्या एकाही परिचारिकेला नवल वाटले नाही, आणि हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत, बाकांवर झोपवून, टॉर्चच्या उजेडात ५३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. ते प्रकरण देविका बिस्वास यांच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

मी निवृत्त परिसेविका आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नोकरी झाली, त्यातला बराच काळ ओटीत. सर्जन टाका घालतात, भूलतज्ज्ञ रुग्णाचा श्वास सांभाळतात. दिवा मात्र बहुतेक वेळा सिस्टरच्या हातात असतो. “सिस्टर, लाइट जरा खाली, अजून डावीकडे” हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मानते.

उजेड कमी असला की दिसत नाही, एवढे कुणालाही कळते. उजेड भरपूर असूनही चुकीचा असला तर काय होते, हे कमी लोकांना माहीत असते. एक उदाहरण देते. अडकलेल्या हर्नियाचा रुग्ण रात्री येतो. पोट उघडल्यावर आतड्याचा एक वेढा काळपट निळा दिसतो. तो जिवंत आहे की मेलेला, हे ठरवायला त्या क्षणी कुठलेही मशीन आमच्याकडे नसते. गरम सलाइनमध्ये भिजवलेला मॉप (कापडाची जाड घडी) आतड्यावर ठेवायचा, रुग्णाला भरपूर ऑक्सिजन द्यायचा आणि थांबायचे. काही मिनिटांनी मॉप उचलून पाहायचे. गुलाबी रंग परतला का, चकाकी आली का, आतडे हलते आहे का. आले तर आतडे परत पोटात, नाही आले तर तेवढा भाग कापून जोड द्यायचा. जिवंत आतडे कापले तर रुग्णावर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया लादली जाते. मेलेले आत ठेवले तर पुढे ते फुटते आणि पोटभर पू होतो. एवढा मोठा निर्णय एका रंगावर होतो. आता टेबलावरच्या मोठ्या दिव्याच्या घुमटातले, म्हणजे डोममधले, दोन बल्ब पिवळे, एक बाजारातून आणलेला पांढरा निळसर आणि बाकीचे गेलेले असतील, तर सर्जनने कोणत्या रंगावर विश्वास ठेवायचा?

सिझेरियनमध्येही तेच. गर्भाशयावरच्या छेदाच्या कोपऱ्यातून रक्त येत असते आणि तो कोपरा खोल असतो. मूत्रवाहिनी तिथून फार लांब नसते. रक्त थांबवायला टाका घालायचा आणि तो मूत्रवाहिनीला लागू द्यायचा नाही, हे काम खोलवर पोचणाऱ्या, सावली न पाडणाऱ्या उजेडातच नीट होते. एकाच बल्बच्या स्टँडच्या दिव्यासमोर सर्जनने डोके खाली घातले की नेमकी त्याच जागी सावली पडते. ओटी लाइटमध्ये अनेक दिवे वेगवेगळ्या कोनांतून एकाच जागी रोखलेले असतात ते याचसाठी. त्यांतले निम्मे बंद पडले की तो दिवा चालू दिसतो, पण त्याचे मुख्य काम थांबलेले असते.

भूलतज्ज्ञांची गरज आणखी वेगळी. पल्स ऑक्सिमीटर सगळीकडे आले, हे चांगलेच झाले. पण रक्तस्रावाने बीपी पडले आणि हातपाय गार झाले की बोटावरचा आकडा येईनासा होतो. तेव्हा ओठ, जीभ, नखे पाहावी लागतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर निळसरपणा पटकन दिसत नाही, त्यात डोक्यावरची ट्यूब स्वस्तातली असेल तर आणखीच फसगत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रुग्णालयातल्या दिव्याखाली हा निळसरपणा ओळखता येतो की नाही, याचेसुद्धा माप ठरवलेले आहे.

मापे आपल्यासाठीही आहेत. ओटी लाइटच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिव्यापासून एक मीटरवर, मध्यभागी, ४०,००० ते १,६०,००० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड हवा. रंग खरे दाखवण्याची क्षमता १०० पैकी किमान ८५ हवी. यात एक खोच आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात नसतोच. त्याचे माप वेगळे आहे, आर-नाइन नावाचे. रक्त आणि मांस ज्या दिव्याखाली पाहायचे, त्याचे लाल रंगाचे माप खरेदीच्या अटींत लिहिलेच नाही, तर वर झगझगीत आणि खाली फिकट असा दिवा बसतो आणि पुढची अनेक वर्षे तिथेच राहतो. टेबलाभोवतालच्या खोलीतही साधारण १,००० लक्स असावे लागते. सर्जनचे डोळे जखमेवरून ट्रेकडे, ट्रेवरून जखमेकडे फिरत असतात. सिस्टरला मॉप मोजायचे असतात, तुटलेली सुई शोधायची असते. आमच्या कोपऱ्यातल्या उजेडाचा विचार फारसा कुणी करत नाही, पण मॉप पोटात राहिला तर मोजणी आमच्याच नावावर असते.

हे सगळे मोजायला लक्समीटर लागतो. खिशात मावणारे, साधे यंत्र आहे. गुणवत्ता तपासणीच्या यादीत ‘पुरेसा प्रकाश’ हा मुद्दा आहे, प्रसूतीसेवा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमातही प्रसूतीच्या ओटीची तपासणी होते. मी पाहिलेल्या तपासण्यांत मात्र दिवा लावायचा, वर बघायचे आणि ‘होय’वर खूण करायची, अशीच पद्धत होती. डोळ्याला उजेड पुरेसा वाटणे हा काही पुरावा नव्हे, कारण डोळा सवयीने कमी उजेडातही निभावून नेतो. ओटी लाइटची सैल झालेली दांडी पट्टीने बांधून काम भागवणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष देववत नाही. रुग्ण टेबलावर असतो आणि दुरुस्तीचे पत्र कुठल्या तरी टेबलावर.

ते पत्र अडकते, कारण हा दिवा नेमका कुणाचा हे ठरलेले नसते. वायरिंग बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे, उपकरण खरेदी यंत्रणेकडे, देखभाल कंत्राटदाराकडे, जनरेटरचे डिझेल रुग्णालयाच्या किरकोळ खर्चात. चौघांचे काम झालेले असते आणि दिवा बंदच असतो. प्रत्येक रुग्णालयात ओटीच्या उजेडाची जबाबदारी एका माणसावर, नावानिशी, लेखी असायला हवी.

आता वीज. कोकणात जूनपासून लाइन पडणे नेहमीचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कित्येक दिवस अंधार होता, आणि बाळंतपणे काही वादळ बघून थांबत नाहीत. जनरेटर आपोआप चालू होणारा असला तरी काही सेकंद जातात. हाताने चालू करायचा असेल तर ऑपरेटरला उठवून आणण्यातच मिनिटे जातात. मानक सांगते की वीज गेल्यावर ५ सेकंदांच्या आत निम्मा तरी उजेड परत आला पाहिजे. म्हणजे जनरेटरच्या जोडीला ओटी लाइटसाठी स्वतंत्र बॅटरी हवीच. हॅलोजनच्या काळात हे जड होते. तो दिवा भरपूर वीज खाई, सर्जनच्या डोक्यावर तापे, उघडी जखम सुकवे. एलईडीचा एक डोम साधारण दोन छतपंख्यांइतक्या विजेवर चालतो. त्याला तासन् तास पुरेल अशी बॅटरी बसवणे ही आज मोठ्या खर्चाची गोष्ट राहिलेली नाही. मोठी गोष्ट आहे ती बॅटरी जिवंत ठेवण्याची. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत दमतात आणि ते कळते ते नेमके शस्त्रक्रियेच्या मध्यावर.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी बिनखर्चाची आहे. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, टेबल रिकामे असताना, ओटी लाइट चालू ठेवून मेन स्विच खाली ओढा. घड्याळ लावा. उजेड किती सेकंदांत आला आणि बॅटरीवर किती वेळ टिकला, ते रजिस्टरला लिहा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची सही घ्या. दुसरी विनंती, येत्या पावसाळ्याआधी राज्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या ओटीत लक्समीटर फिरवा आणि आकडे लोकांसमोर ठेवा, खराब असले तरी. नवीन दिवे घेताना लाल रंगाचे माप, सावलीची चाचणी, बॅटरी आणि पाच वर्षांची देखभाल एकाच निविदेत मागा.

रात्री सिझर न करता १०८ बोलावून जिल्ह्याला पाठवलेल्या बायकांच्या कागदावर ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिलेले असते. त्यांतल्या किती जणींना दिवा किंवा जनरेटर नसल्यामुळे पाठवले, तेही एकदा तपासून घ्या. रेफरच्या कारणांत तसा रकाना नाही. तो घालायला एक परिपत्रक पुरेल.

लक्समीटर कसा धरायचा, कुठे धरायचा, बल्ब जुळलेले आहेत की नाही कसे ओळखायचे, हे शिकवायला अर्धा दिवस लागतो. माझ्यासारख्या ओटीत आयुष्य काढलेल्या निवृत्त सिस्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही रुग्णालयात मी स्वतः यायला तयार आहे. भत्ता नको, फक्त आपल्या खात्याचे पत्र हवे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
रायगड जिल्हा