कन्नडमधल्या ‘केरे’ला इंग्रजीत काय म्हणू, सांग

सोलापूर
गड्ड्याच्या जत्रेआधीचा रविवार

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले. "डिपार्टमेंटला काय चाललंय" एवढंच विचारलेलं तू, आणि मी चार वेळा टाइप करून खोडलं, कारण ते दोन ओळींत मावतच नव्हतं. आज घरातले सगळे झोपलेत, पलीकडच्या गल्लीत मागांची खडखड चालू आहे, ती तर तुला पाठच आहे, म्हटलं आता निवांत लिहावं.

चौथं सेमिस्टर सुरू झालं. तू पहिल्या सेमनंतर पुण्याला गेलास त्यानंतर खिडकीजवळच्या आपल्या बेंचवर मी एकटाच बसतो, कोणी शेजारी बसलं तर नको म्हणत नाही पण बरं वाटत नाही. तुझी नाइट शिफ्ट, घरचे हप्ते, सगळं माहीत आहे मला, त्यामुळे परत ये असं मी म्हणणार नाही. पण इथं असतास तर या वर्षी तुला लई आवडलं असतं रे.

भाषाशास्त्राचा पेपर आठवतो ना, ज्याला आपण घाबरायचो. तो आता एक मॅडम शिकवतात, तासिका तत्त्वावर. तीन ठिकाणी तास घेतात, मानधन कधी येईल याचा भरवसा नाही, दुपारी बसमधून उतरून थेट वर्गात येतात, पाणीसुद्धा पीत नाहीत आधी. त्यांना कायम करायला पाहिजे हे मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी पाहिलं नाही. एक दिवस त्यांनी वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडली, ओठांसमोर धरली आणि टाचणीवाला पिन शब्द इंग्रजांसारखा म्हणाल्या. पट्टी फडफडली. मग स्पिन म्हणाल्या, पट्टी जागची हलली नाही. मग आम्हाला पट्ट्या दिल्या आणि पिन म्हणायला लावलं तर अख्ख्या वर्गात एकाची पट्टी हलेल तर शपथ. कारण काय, तर आपल्याकडे प वेगळा आणि फ वेगळा, प म्हणताना हवा सोडायचीच नाही ही सवय ओठांना लहानपणापासून लागलेली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प मधून थोडी हवा सुटतेच आणि आधी स आला की ती हवा जाते, आणि हे खुद्द इंग्रजांनाही कळत नाही. सतरा वर्षं इंग्रजी शिकतोय आणि हे मला त्या दिवशी कळलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, लिहायचा पेन आणि दुखणं या अर्थाचा पेन. बघ, मराठीत लिहिताना सुद्धा मला दोन्ही एकच लिहावे लागतायत! आम्ही सगळ्यांनी दोन्ही सारखेच म्हटले. मागच्या बेंचवर पूर्व भागातली एक मुलगी बसते, घरी तेलुगू, आई विड्या वळते, दीड वर्षात तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिनं हळूच म्हटलं आणि दोन शब्द स्वच्छ वेगळे ऐकू आले. मॅडम थांबल्या, म्हणाल्या परत म्हण. ती परत म्हणाली. तेलुगूत ऱ्हस्व ए वेगळा आणि दीर्घ ए वेगळा असतो, तिच्या कानाला तो फरक घरातूनच मिळालेला. इंग्रजांचा दुखण्यातला पेन नुसता लांब नसतो, शेवटी इ कडे घसरतो, ते तिला मग शिकवलं, पण पहिला ए तिचा आधीच तयार होता. तेव्हापासून ती पहिल्या बेंचवर बसते, आणि मागच्या आठवड्यात सेमिनार दिला, वीस मिनिटं, कागद न बघता.

आणि मला त्या तासाला तूच आठवत होतास. तुझ्या कन्नडमध्ये पण तसेच दोन ए आहेत ना? बीएच्या ओरलला तू पेन म्हणालास आणि आम्ही सगळे हसलो, मी पण हसलो, सर म्हणाले गावाकडचा उच्चार सोड. तुझा उच्चार बरोबर होता रे. आम्हालाच ऐकू येत नव्हतं. तीन वर्षं झाली त्याला, तू विसरला असशील, तरी सॉरी म्हणायचं होतं म्हणून लिहितोय.

बाकी भित्तिपत्रक निघालं, नेट परीक्षेचे क्लास चालू आहेत, लायब्ररी पाचलाच बंद होते, ते सगळं तसंच.

आता माझ्या प्रोजेक्टचं. अनुवादाच्या पेपरला ए. के. रामानुजन वाचायला होते, १९७३ साली पेंग्विनने काढलेलं वचनांचं, म्हणजे शिवभक्तांच्या कन्नड कवितांचं, इंग्रजी पुस्तक. माणूस मूळचा इंग्रजीचा प्राध्यापक, इथं जवळ बेळगावात शिकवायचा, पुढे शिकागोला गेला. त्या पुस्तकात चार जण आहेत, बसवण्णा, देवर दासिमय्या, महादेवीअक्का, अल्लमप्रभू. मी अनुक्रमणिका दोनदा बघितली. आपले सिद्धरामेश्वर नाहीत त्यात! ज्यांच्या तळ्याच्या काठी आपण भजी खात बसायचो, ज्यांच्या ६८ लिंगांना नंदीध्वज जातात, ते बसवण्णांच्या काळातले वचनकार आहेत, कन्नडमध्ये लिहिलंय त्यांनी आणि वचनाच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन अशी मुद्रा, म्हणजे कवीची सहीच, येते. सोलापुरात जन्म काढला आणि मी त्यांना फक्त देव समजत होतो, कवी म्हणून कधी बघितलंच नाही. गाईड सरांना म्हटलं मला हेच करायचंय, दहा वचनं इंग्रजीत आणायची. ते म्हणाले कन्नड येतं का तुला. मी म्हटलं माझ्या मित्राला येतं.

प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य लिहिलं की सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तळं खोदवलं. इंग्रजीत आधी लेक लिहिलं. वर्गातला अक्कलकोटकडचा एक जण म्हणाला, अरे लेक म्हणजे आपोआप झालेलं पाणी, केरे, म्हणजे कन्नडमधलं तळं, माणसं खोदतात. मग टँक केलं. आपल्याकडच्या इंग्रजीत टँक म्हणजे तलाव चालतं, पण बाहेरच्या माणसाला गच्चीवरची टाकी दिसेल नाहीतर रणगाडा. पाँड म्हणावं तर म्हशी बसायचं डबकं वाटतं. चार दिवस एका शब्दावर अडकलोय. संध्याकाळी मुद्दाम तळ्यावर जाऊन बसलो, मधोमध देऊळ, गड्ड्याचे पाळणे उभे राहतायत, पायऱ्यांवर एक म्हातारी पाय धूत कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती, आणि मला तुझ्या आज्जी आठवल्या. त्या पहाटे चुलीपुढे वचनं म्हणायच्या, मी तुमच्या गावी राहिलो होतो तेव्हा गोधडीतून ऐकली होती, अर्थ कळत नव्हता पण चाल अजून कानात आहे.

तर काम असं आहे. गड्ड्याला येतोयस ना? अक्षतेच्या दिवशी ये किंवा आदल्या दिवशी ये, सुट्टी नसेल तर एक रात्र तरी ये. येताना गावाकडून ये आणि आज्जींना म्हणायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करून आण, कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ज्यांच्या शेवटी येतं ती सगळी. त्यांना घाई करू नकोस, आठवतील तशी म्हणू देत. मग आपण दोघं बसू, तू एकेक शब्द फोडून सांग, मी लिहितो. प्रोजेक्टवर तुझं नाव पण टाकायचंय, सरांना विचारलंय, ते हो म्हणालेत.

आईनं शेंगाची चटणी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे, कडक भाकरी आलास की बांधून देईल.

आज्जींना माझा नमस्कार सांग. आणि केरे म्हणताना त्या दोन्ही ए ऱ्हस्वच म्हणतात का, तेवढं नीट कान देऊन ऐक.

तुझाच,
खिडकीजवळचा बेंचवाला